'चिंतनशील' या शब्दात चिंता आहे काय?

प्रश्न – धरमपेठकर, नागपूर
आमच्या शाळेतून निवृत्त होणाऱ्या एका शिक्षकांच्या मानपत्राचा मसुदा माझ्याकडे असून त्यात मी त्यांना 'चिंतनशील' म्हटले आहे. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप असा, की या शब्दात 'चिंता' दडलेली असल्यामुळे तो गौरवाच्या प्रसंगी शोभत नाही. त्याऐवजी 'विचारवंत' लिहावे. 'चिंतन' आणि 'चिंता' या दोन्ही शब्दांचे मूळ खरोखर एकच आहे काय, आणि असल्यास हा आक्षेप ग्राह्य धरावा काय?

उत्तर – रामटेककर
मूळ एकच आहे. आक्षेप मात्र टिकणारा नाही. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या अर्थासह दिलेल्या यादीत, 'चिति स्मृत्याम्' हा धातू चुरादी गणात (गटात) येतो. त्यातील अंत्य इकार इत्संज्ञक, म्हणजे केवळ खुणेपुरता आणि रूपात न उरणारा, असल्यामुळे 'इदितो नुम् धातोः' या सूत्राने मध्ये नकार येतो आणि 'चिन्त्' हे रूप सिद्ध होते. धातुपाठाने दिलेला अर्थ स्मरणाचा आहे, काळजीचा नव्हे. इतकेच काय, 'ध्यान' ज्यापासून झाले त्या 'ध्यै' धातूचा अर्थही तेथे 'चिन्तायाम्' असाच सांगितला आहे. त्याचा अर्थ काळजी असा घेतला, तर ध्यानाला बसणाऱ्याची पंचाईतच व्हायची. गीतेच्या नवव्या अध्यायातील 'अनन्याश्चिन्तयन्तो मां' म्हणणाऱ्या श्लोकातले भक्तही देवाची काळजी वाहत नाहीत, उलट त्यांचा योगक्षेम देवच वाहतो.

काळजीचा अर्थ मराठीने नव्याने चिकटवला असेही नाही, कारण चिता निर्जीवाला जाळते आणि चिंता सजीवाला, हे सुभाषित संस्कृतातलेच आहे. (एका अनुस्वाराचे अंतर असलेली ही जोडी नात्याची मात्र नाही, 'चिता' हा शब्द रचणे या अर्थाच्या 'चि' धातूपासून आला.) मराठीत काळजी बहुतांशी 'चिंते'च्या वाट्याला गेली आणि खोल, सावकाश विचार 'चिंतना'कडे राहिला.

उत्तर – महालवासी
समितीला व्याकरण रुचले नाही, तर त्यांना चौकातील फलक दाखवावेत. वाढदिवसाचे 'अभीष्टचिंतन' म्हणून खाली 'हितचिंतक' अशी ओळ असते आणि तिच्याखाली दहा-बारा छायाचित्रे दाटीवाटीने बसवलेली असतात. त्यांतील कोणाच्याही चेहऱ्यावर काळजी दिसत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबचा चिंतामणी आपल्या सर्वांना परिचित आहे. मनात चिंतिलेले देणारा मणी, हाच त्या नावाचा अर्थ. बालपणी अडगळीत लपून बसलेल्या रामदासांनी आईला 'चिंता करितो विश्वाची' असे उत्तर दिल्याची आख्यायिका आहे, तिच्यात तर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

उत्तर – रामटेककर
'विचारवंत' या पर्यायाविषयी थोडे राहिले. 'विचार' शब्दात 'चर्' म्हणजे फिरणे हा धातू आहे. पर्याय तपासत मन इकडून तिकडे जाते. शिवाय आजच्या वापरात 'विचारवंत' ही समाजाने दिलेली पदवी झाली आहे, व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापण्याजोगी. 'चिंतनशील' मधील 'शील' स्वभाव सांगते, आणि सार्वजनिक लेखन न केलेला माणूसही चिंतनशील असू शकतो. 'मननशील' हा तिसरा शब्दही चांगला आहे, परंतु ऐकलेल्या किंवा वाचलेल्या गोष्टीवर मनन होते. बृहदारण्यक उपनिषदातही श्रवणानंतरच मननाचा क्रम आहे.

धरमपेठकर
आभारी आहे. सरांनी आयुष्यभर भूमिती शिकवली आणि व्याख्यान कधीच दिले नाही, त्यामुळे 'चिंतनशील' कायम ठेवतो.