पाच दिवसांत सहा सामने, पिचर (बेसबॉलमध्ये फलंदाजाला चेंडू टाकणारे) चार आणि त्यातल्या एकाचं कोपर दुखतंय. संघ कसा बसवावा?

सदर_डगआउट:
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या पोट्ट्यांचा बेसबॉल संघ आहे, सगळे १९ ते २१ वयाचे. स्पर्धा चार आठवड्यांवर आली आहे. पहिले तीन दिवस गटात रोज एक सामना, चौथ्या दिवशी उपांत्यपूर्व, पाचव्या दिवशी सकाळी उपांत्य आणि दुपारी अंतिम. सामने सात इनिंगचे (एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक फलंदाजी). नोंदणी १६ जणांचीच.

पिचर चार आहेत. एक उजवा, सगळ्यात वेगवान, पण जोरात फेकलं की कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणतो. दुसरा डावखुरा, भरवशाचा. तिसरा सॉफ्टबॉलमधून आलेला, वेग कमी पण चेंडू प्लेटवर (फलंदाजाजवळच्या पाटीवर) टाकतो. चौथा म्हणजे आपला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक). त्याचा हात चांगला, पण त्याला माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) नेलं की इनफिल्ड, म्हणजे बेसजवळची फळी, उघडी पडते.

या चौघांवर निभेल का? नसेल तर महिनाभरात नवे पिचर कुठून काढायचे? आणि दुखऱ्या कोपराच्या पोट्ट्याला १६ मध्ये धरायचं की नाही?

स्कोअरबुक:
निभणार नाही. आकडे मांडले की लगेच दिसतं.

या पातळीवर एका इनिंगला १८ ते १९ चेंडू लागतात, कारण वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) जास्त आणि क्षेत्ररक्षणातल्या चुका जास्त. सात इनिंगचे झाले १३०. सहा सामन्यांचे ७८०.

आता एक हात पाच दिवसांत किती देतो ते बघा. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक तक्त्यात १९ ते २२ वयासाठी असं आहे: ३० चेंडूंपर्यंत विश्रांती नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, ८१ ते १०५ ला चार आणि त्यापुढे पाच. दिवसाची कमाल १२०. सलग तीन दिवस माउंडवर कोणीच जायचं नाही, चेंडू कितीही कमी टाकले असले तरी. म्हणजे पहिल्या दिवशी ८० टाकलेला पोट्टा थेट पाचव्या दिवशी मिळतो. ४५-४५ करून दिवसाआड वापरला तर तीन दिवसांचे मिळून १३५. लांब टाकणाऱ्याकडून १६०-१७० निघतात, बाकीच्यांकडून शंभराच्या आसपास. चौघे ठणठणीत असते तरी ७८० ची बेरीज जमली नसती. सात हात हवेत, आठ असले तर झोप लागेल.

आणखी एक. बुलपेनमधले, म्हणजे उतरण्याआधी गरम होतानाचे, २०-२५ चेंडू या मोजणीत धरत नाहीत, पण खांद्याला ते लागतातच. एखाद्याला गरम करून बसवलं, मग पुन्हा गरम केलं आणि शेवटी उतरवलंच नाही, तर त्याचा तो दिवस फुकट गेला. दुसऱ्यांदा उठवायचं असेल तर उतरवायचंच, असा नियम डगआउटमध्ये पाळा. सामना सकाळी आठचा असेल तर आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत गरम व्हायला दहा मिनिटं जास्त धरा. आधी धावणं आणि रबर बँड, चेंडू त्यानंतर.

कोपर_खांदा:
पहिल्या पिचरबद्दल बोलतो. आतल्या बाजूचं दुखणं, तेही जोरात फेकताना, हे फेकणाऱ्यांच्या कोपरातलं सगळ्यात काळजीचं लक्षण आहे. हात मागे जाऊन पुढे येताना कोपर बाहेरच्या बाजूला उघडायला बघतं, आणि ते धरून ठेवतं आतल्या बाजूचं अस्थिबंधन. त्याच्या मदतीला मनगट वाकवणारे आणि पंजा खाली वळवणारे स्नायू असतात. ते दमले की सगळा भार अस्थिबंधनावर येतो. म्हणून कोपराचं दुखणं बहुतेक वेळा दमलेल्या हातानं टाकत राहिल्यामुळे सुरू होतं.

त्याला तीन गोष्टी विचारा. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येतात का? हात पूर्ण सरळ होतो का? एखाद्या चेंडूवर कट् असा आवाज किंवा झटका जाणवला होता का? मुंग्यांना किंवा झटक्याला 'हो' निघालं, किंवा हात सरळ होत नसला, तर त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा मिहानच्या एम्सची ओपीडी आहेच. कोपर ताणून तपासणी होते, गरज वाटली तर एमआरआय. यातलं काही नसलं तरी फेकणं आजपासून बंद. वेदनाशामक गोळी देऊन माउंडवर पाठवणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण दुखणं हीच त्याची एकमेव सूचना आहे आणि गोळी तीच बंद करते.

नुसता स्नायू दुखावला असला तरी पूर्ण विश्रांती, मग १४ मीटरवरून हळू फेक, मग १८, २७, ३६ मीटर, प्रत्येक टप्पा दुखल्याशिवाय दोनदा पार पडला की पुढचा, आणि सगळ्यात शेवटी माउंड. चार आठवड्यांत हे बसत नाही. अस्थिबंधन तुटलं तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (अस्थिबंधन नव्यानं बसवण्याची) आणि पुन्हा माउंडवर यायला १२ ते १८ महिने. १९ वर्षांच्या पोट्ट्याचं एका स्पर्धेसाठी एवढं पणाला लावू नका. त्याला धरून योजना आखूच नका.

महाल_कॅचर:
नवे पिचर संघातूनच काढा, पण वेगवान गोलंदाज शोधत क्रिकेटच्या नेटवर जाऊ नका. गोलंदाजाचा हात सरळ फिरतो, धाव घेऊन फिरतो. माउंडवर उभ्यानं टाकायचं, कोपर वाकवून. ती सवय महिन्यात बदलत नाही आणि बदलताना खांदा जातो. सीमारेषेवरून थेट यष्टींवर फेकणारा क्षेत्ररक्षक आणा, तो चालतो. आपल्या संघातला उजवा आउटफिल्डर आणि थर्ड बेसवाला बघा. भालाफेकवालेही उत्तम. पिट्सबर्ग पायरेट्सनं २००८ साली करारबद्ध केलेले रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल दोघेही भालाफेकपटूच होते.

चाचणी साधी घ्या. रबरापासून (माउंडवरच्या पट्टीपासून) प्लेटच्या टोकापर्यंत १८.४४ मीटर. प्लेटवर दोन काठ्या रोवून गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीवर सुतळी बांधा. वीस चेंडू द्या. बारा चौकटीत पडले तर पोट्टा ठेवा. वेग नंतर बघू. १०५ किलोमीटरनं स्ट्राइक टाकणारा १२० नं वॉक देणाऱ्यापेक्षा कधीही बरा, कारण वॉकमुळे चेंडू वाढतात आणि वर स्कोअरबुक भाऊंनी मांडलेला सगळा हिशोब कोलमडतो.

चेंडू दोनच शिकवा, फोर-सीम (सरळ वेगवान) आणि चेंजअप (तशाच हालचालीनं हळू). वळणारे कर्व्ह, स्लायडर या महिन्यात नको. मग सेट पोझिशन, म्हणजे बेसवर धावपटू असताना थांबून टाकायची पद्धत. नवे पिचर इथेच बॉक (पिचरची बेकायदा हालचाल) देतात, कारण हात एकत्र आणल्यावर पूर्ण थांबत नाहीत. 'थांब, एक, टाक' असं तोंडानं म्हणायला लावा. पहिली हालचाल ते कॅचरच्या ग्लव्हमध्ये चेंडू, हे १.४ सेकंदाच्या आत यावं. १.६ झालं तर सेकंड बेसची चोरी (चेंडू टाकतानाच धावपटूनं घेतलेली धाव) कॅचर अडवू शकत नाही, त्याला कितीही शिव्या घाला.

भार असा वाढवा: पहिल्या आठवड्यात माउंडवरून दोनदा, २० चेंडू. दुसऱ्यात दोनदा, ३०. तिसऱ्यात एकदा ४५ आणि एकदा २०. चौथ्यात फक्त एकदा २०, हलक्या हातानं.

आणि माउंड नीट करा हो. आपल्या मैदानांवर नुसत्या काळ्या मातीचा ढीग करून ठेवतात. ती वाळली की भेगाळते, ओली झाली की पाय सरकतो, आणि पुढचा पाय जिथे पडतो तिथे वीतभर खड्डा होतो. त्या खड्ड्यात उतरणाऱ्याचं शरीर मागे राहतं आणि हात एकटा ओढतो, म्हणजे पुन्हा कोपरच. खाली दाबलेला मुरूम, वरचे चार बोटं चिकणमाती, पाणी मारून धुम्मसानं ठोकायची. उंची १० इंच. उतार रबराच्या पुढे सहा इंचांवरून सुरू, दर फुटाला एक इंच. प्रत्येक सरावानंतर खड्डा भरून ठोकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

नियम_५_१०:
नोंदणीच्या बाजूनं थोडं. मेजर लीगचे संघ २६ जणांत कमाल १३ पिचर ठेवतात, म्हणजे निम्मे. शिवाय हात थकला की कोणाला ट्रिपल-एमध्ये (खालच्या लीगमध्ये) पाठवतात, कोणाला १५ दिवसांच्या जायबंदी यादीत टाकतात, आणि क्लबच्या ४० जणांच्या यादीतून ताजा हात वर आणतात. तुमच्याकडे खाली काहीच नाही. १६ चा कागद एकदा गेला की गेला. म्हणून दोन जागा खेळणारे पोट्टे घ्या आणि एकाच जागेचे राखीव कमी करा.

सॉफ्टबॉलमधून आलेल्या प्रशिक्षकांची चूक कुठे होते तर इथे: तिकडे सुरुवातीचा खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतो, बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपला. पिचरला परत आणायची शक्यता ठेवायची असेल तर त्याला बाहेर काढू नका, फर्स्ट बेसवर किंवा आउटफिल्डला हलवा. मात्र एकाच इनिंगमध्ये पिचर दुसऱ्या जागी एकदाच जाऊ शकतो. एकाच पिचरकडे एका इनिंगमध्ये तुम्ही दुसऱ्यांदा गेलात तर त्याला काढावंच लागतं. नव्या पिचरनं किमान तीन फलंदाज खेळवायचे की नाही, आणि १० धावांच्या आघाडीवर सामना कितव्या इनिंगला थांबतो, हे स्पर्धेच्या पत्रकात बघा. दोन्हींवर तुमचे चेंडू अवलंबून आहेत.

सदर_डगआउट:
सगळ्यांचे मनापासून आभार. उजव्याचं फेकणं आजच थांबवलं, सोमवारी ओपीडीला नेतो. आउटफिल्ड, थर्ड बेस आणि राखीव कॅचर यांतून चार नवे धरले आहेत. त्यांना क, ख, ग, घ म्हणतो. बघा बसतं का:

पहिला दिवस: डावखुरा ७५, क ३०, ख २५.
दुसरा: सॉफ्टबॉलवाला ६०, शॉर्टस्टॉप ४०, ग ३०.
तिसरा: क ४५, घ ४५, ख ३०. दहा कमी पडतात, पण गटातला सगळ्यात हलका संघ त्या दिवशी आहे.
चौथा: शॉर्टस्टॉप ७०, ग ३०, ख ३०.
पाचवा सकाळी: डावखुरा ८०, क ३०, ग २०. दुपारी: सॉफ्टबॉलवाला ९०, घ ४०.

राखीव कॅचर म्हणजे यातला क.

स्कोअरबुक:
विश्रांतीचे दिवस सगळे बरोबर बसलेत, तपासून पाहिलं. ख तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सलग आहे, त्यामुळे पाचव्या दिवशी अंतिम कितीही लांबला तरी त्याला उठवायचं नाही. हे आत्ताच कागदावर लिहा, तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं.

अडचण क ची आहे. कॅचर प्रत्येक चेंडू पिचरला परत फेकतो, वर बेसवर फेकतो ते वेगळं. ज्या दिवशी तो पिचर आहे त्या दिवशी त्याला प्लेटमागे बसवायचं नाही. म्हणजे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी तुमच्याकडे राखीव कॅचर नाही. मुख्य कॅचरच्या बोटाला फाउल (बॅटला चाटून आलेला चेंडू) लागला तर काय? एक तर क ला पिचिंगमधून काढा, नाही तर तिसरा कॅचर तयार करा.

नियम_५_१०:
शॉर्टस्टॉपच्या दोन्ही दिवशी डीएच (पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करणारा) लावू नका. मैदानावरचा खेळाडू माउंडवर गेला की डीएच तिथेच संपतो, आणि पिचर माउंडवरून शॉर्टस्टॉपला गेला तरीही संपतो. कसंही केलं तरी चांगला फलंदाज हातचा जाणार. त्यापेक्षा दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी नऊ जणांचीच फलंदाजी द्या. शॉर्टस्टॉप स्वतः फलंदाजी करेल, त्याच्या जागी राखीव इनफिल्डर सुरुवात करेल. तो माउंडवरून उतरून आपल्या जागी गेला की नवा पिचर त्या राखीवाच्या फलंदाजी क्रमावर येईल. म्हणून दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा: आधी शॉर्टस्टॉपचे ४०, मग सॉफ्टबॉलवाला.

उजव्याची जागा: डॉक्टरांनी बॅट फिरवायला हो म्हटलं तरच बाकीच्या दिवशी डीएच म्हणून त्याचा उपयोग. नाही म्हटलं तर त्या जागी आठवा पिचर घ्या, शक्यतो प्लेटमागेही बसू शकणारा, म्हणजे क चा प्रश्नही सुटेल. सोमवारची ओपीडी होईपर्यंत नोंदणीचा कागद पाठवू नका.