सॅन होजे: शाळा सुटल्यावर सहा वाजेपर्यंत मुलाला कुठे ठेवायचं? सरकारी आफ्टरस्कूलबद्दल माहिती हवी

चाफा_नवा
नमस्कार मंडळी. जूनमध्ये पुण्याहून सॅन होजेला आलो. दोघांच्याही नोकऱ्या, आणि आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात तोंड दाखवावंच लागतं. मुलगा आता पहिलीत जाईल. शाळा अडीचला सुटते, बुधवारी तर सव्वाएकलाच. हे बुधवारचं काय खूळ आहे ते अजून कळलेलं नाही.

खाजगी आफ्टरस्कूलवाले महिन्याला अकराशे डॉलर सांगतायत. शाळेच्या ऑफिसात विचारलं तर बाई म्हणाल्या, शाळेतच सहापर्यंत कार्यक्रम असतो, पैसे स्टेट देतं, पण वेटिंग लिस्ट आहे. शेजारची म्हणाली, "ते गरिबांचं असतं, तुम्हाला कोण घेणार? आणि घेतलंच तर ग्रीन कार्डाच्या वेळी त्रास." त्यात जुलैमध्ये (२०२५) बातमी वाचली की वॉशिंग्टनने आफ्टरस्कूलचे पैसे अडवले. म्हणजे आहे ते तरी राहणार का?

आणखी एक. प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असं विचारलंय. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे सांगतायत की डोळे मिटून इंग्लिश लिही. फॉर्म अर्धा भरून ठेवलाय, शुक्रवारपर्यंत द्यायचाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक काय करतात तेही सांगा.

कटिंगचहा
स्वागत! इंग्लिशच लिहा. मराठी लिहिलंत तर परीक्षा घेतात आणि मूल 'इंग्लिश लर्नर'च्या यादीत जातं, नसती कटकट.

आम्ही क्युपर्टिनोत. इथे सरकारी आफ्टरस्कूलची आशा सोडा. चायनीज आफ्टरस्कूलची व्हॅन शाळेच्या दारात येते, पोरगा त्यात बसतो, सहाला आम्ही उचलतो. आता तो मँडरिनमध्ये शंभरपर्यंत मोजतो आणि मराठीत एकोणतीसला अडतो. आईला फोनवर ऐकवलं तर ती दोन दिवस बोलली नाही.

खरं सांगायचं तर मला हे सरकारी प्रकरण पटतही नाही. टॅक्स आपण भरायचा आणि जागा मिळायची दुसऱ्याच्या पोराला.

सांगलीकरीण
चाफा, थांब, फॉर्म लगेच देऊ नकोस. मी इथल्याच एका प्राथमिक शाळेत आफ्टरस्कूलला काम करते, दुपारी दोन ते सहा. स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाचं, नाव लिहीत नाही, नोकरी प्यारी आहे.

आधी पैसे कुठून येतात ते बघ, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल. कॅलिफोर्नियात २००२ साली प्रपोझिशन ४९ वर, म्हणजे लोकांपुढे ठेवलेल्या एका कायद्याच्या प्रस्तावावर, मतदान झालं. श्वार्झनेगर गव्हर्नर व्हायच्या आधी त्याने ते लावून धरलं होतं. लोकांनी ते मंजूर केलं आणि आफ्टरस्कूलसाठी स्टेटच्या बजेटमध्ये दरवर्षी ५५ कोटी डॉलर बांधले गेले. कायद्यात मेख अशी होती की स्टेटचं उत्पन्न अमुक इतकं वाढलं तरच पैसे सुटणार, त्यामुळे प्रत्यक्षात २००६-०७ उजाडलं. तो कार्यक्रम म्हणजे 'एसेस'. शाळेच्या रोजच्या दिवशी निदान सहापर्यंत चालवलाच पाहिजे असा त्याचा नियम. मग २०२१ मध्ये दुसरी, बरीच मोठी योजना आली, 'एक्सपांडेड लर्निंग'. तिला वर्षाला चारशे कोटींच्या आसपास मिळतात. शाळेचे तास आणि पुढचे तास मिळून दिवसाचे नऊ तास भरले पाहिजेत, आणि शिवाय सुट्टीतले ३० दिवस, तेही नऊ-नऊ तास. सहावीपर्यंतच्या मुलांसाठी.

वॉशिंग्टनने अडवले ते वेगळे. ते फेडरल पैसे, आणि जुलै संपायच्या आत तेही सुटले. काही शाळा त्यांच्यावरच चालतात, त्यांच्या पोटात गोळा आला होता खरा. तुझ्या शाळेत कुठले पैसे आहेत ते ऑफिसात नीट विचार.

आता "गरिबांचं असतं" याबद्दल. ते अर्धंच खरं. डिस्ट्रिक्टला एक्सपांडेड लर्निंगचे पैसे मिळतात ते तीन प्रकारच्या मुलांच्या हिशेबाने: कमी उत्पन्नाची, फॉस्टर केअरमधली (सरकारने आई-बापांऐवजी दुसऱ्यांकडे सांभाळायला दिलेली) आणि इंग्लिश लर्नर. डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं ५५ टक्के किंवा जास्त असली तर २०२५-२६ पासून सहावीपर्यंतच्या सगळ्या मुलांना जागा देऊ करावी लागते, बापाचा पगार कितीही असो. त्याआधी ही रेघ ७५ वर होती. त्याहून कमी असली की या तीन गटांतली मुलं आधी. सॅन होजे शहरात डझनाहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. अ‍ॅलम रॉक त्या रेघेच्या कितीतरी वर, आणि कटिंगचहांचं क्युपर्टिनो कितीतरी खाली. दोन शेजारच्या रस्त्यांवर राहणाऱ्यांचं नशीब वेगळं असू शकतं. तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा नाही, तुझा डिस्ट्रिक्ट कुठला याचा आहे. त्यांनी या योजनेचा आराखडा वेबसाइटवर लावलेला असतो, तो उघड.

भाषेचं: जे खरं आहे ते लिही. घरी मराठी बोलता ना, मग मराठी. मुलाची एल्पॅक नावाची परीक्षा होईल, प्रवेश झाल्यापासून ३० दिवसांत. पुण्याच्या इंग्लिश मीडियममधून आलाय, कदाचित सरळ पास होईल आणि विषय संपेल. नाही झाला तर इंग्लिश लर्नर, म्हणजे आफ्टरस्कूलच्या यादीत वर, तुमचं उत्पन्न न बघता. वर्गात रोज थोडा वेळ वेगळं इंग्लिश शिकवतात, आमच्याकडे तर वर्गशिक्षिकाच शिकवते. दरवर्षी पुन्हा परीक्षा, जमलं की नाव निघतं. यात कमीपणा कसला? जागा मिळावी म्हणून मराठी लिही असं मी म्हणत नाहीये, परीक्षेत तसंही खरं काय ते दिसतं. पण आपल्या ग्रुपवरचे लोक पोराच्या तोंडावर घरची भाषा खोटी लिहितात आणि मग शनिवारी मराठी शाळेत फी भरून पाठवतात, याचं मला हसू येतं.

वेटिंग लिस्टबद्दल आतली गोष्ट. लोकांना वाटतं पैसे नाहीत. पैसे असतात गं, माणसं नसतात! वीस मुलांमागे एक, आणि टीके-किंडरच्या (पहिलीच्या आधीच्या दोन वर्गांतल्या) छोट्यांना दहामागे एक माणूस लागतो. चार तासांची नोकरी, बेताचा पगार, भाडी ही अशी. कॉलेजची पोरं येतात आणि सेमिस्टरचं वेळापत्रक बदललं की जातात. एक जण गेला की वीस जागा गेल्या. म्हणूनच यादी ऑगस्टमध्ये हलत नाही, सप्टेंबरच्या मध्यावर हलते. नाव काढून घेऊ नकोस, दर आठवड्याला ऑफिसला गोड आवाजात फोन कर.

कटिंगचहा
एल्पॅकमुळे यादीत वर जातात हे खरंच माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा तिथेच आहे. आमच्यासारख्यांच्या डिस्ट्रिक्टला काय?

सांगलीकरीण
तुमच्या डिस्ट्रिक्टमधल्या त्या तीन गटांतल्या मुलांसाठी येतातच की पैसे. क्युपर्टिनोत घरकाम करणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायकांची मुलंही शाळेत जातात. त्यांच्या दारात व्हॅन येत नाही. माझ्याकडे एक मुलगा आहे, सहा वाजून पाच मिनिटांनी त्याची आई धावत येते, अंगावर कामाचा एप्रन तसाच. हा कार्यक्रम नसता तर तिने दुपारची पाळीच सोडली असती. तुमची व्हॅन तर हा कार्यक्रम नसता तरी आली असती.

फाईल_पेंडिंग
ग्रीन कार्डाचं: माणूस सरकारी मदतीवर जगेल का हे तेव्हा तपासतात, त्याला 'पब्लिक चार्ज' म्हणतात. त्याचा २०२२ चा नियम बघा. त्यात बघतात ती मुख्यतः रोख सरकारी मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं. शाळा, शाळेतलं जेवण, आफ्टरस्कूल यातलं काही त्यात येत नाही. इथे २०२२-२३ पासून सरकारी शाळांत सगळ्याच मुलांना नाश्ता आणि जेवण फुकट आहे, मग अर्धं सिलिकॉन व्हॅली अडकायला हवं होतं. शेजारणीला चहाला बोलवा आणि समजवा.

चाफा_नवा
खूप खूप आभार. आराखडा उघडला, आमचा डिस्ट्रिक्ट ५५ च्या वर आहे! मराठी लिहिलं. सांगलीकरीण ताई, दोन शंका. बुधवारी लवकर का सोडतात? आणि सुट्टीतले ३० दिवस म्हणजे बाकीच्या सुट्टीत काय? तिथे खायला काय देतात तेही सांगा, हा फार निवडक खातो.

सांगलीकरीण
बुधवारी शिक्षकांच्या बैठका असतात. त्या दिवशी आम्हाला जवळजवळ पाच तास पोरं सांभाळायची असतात, चारनंतर त्यांच्या अंगात येतं. बुधवारी घरी आल्यावर अभ्यासाचं नाव काढू नकोस.

३० दिवस म्हणजे सहा आठवडे. बहुतेक शाळा सुटल्या सुटल्या जून-जुलैमध्ये उरकतात, शाळा सुरू व्हायच्या आधीचे आठवडे मोकळेच. तेवढ्यासाठी शहराच्या पार्क्स अँड रिक्रिएशनचा समर कँप बघ. त्याची नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू होते आणि चांगले कँप सकाळी चहा होईपर्यंत भरतात. आपले बरेच लोक आजी-आजोबांचं तिकीटच त्या हिशेबाने काढतात.

खाणं: दूध, फळ, आणि फिरून फिरून बीन-चीज बरिटो. आपली मुलं पहिला महिना त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. बाजूची पोरं फक्त चीज ओढून खातात ते बघून शिकतात. तोपर्यंत डब्यात पोळीचा रोल दे. शेंगदाण्याची चटणी मात्र नको. आमच्या शाळेत शेंगदाणा अजिबात चालत नाही, सांगलीच्या बाईला हे सांगताना किती जड जातं ते विचारू नकोस.

आणि हो, घ्यायला कोण कोण येणार त्यांची नावं पहिल्याच दिवशी यादीत घाल, सासरे येणार असतील तर त्यांचंही. गेल्या वर्षी एक आजोबा पंढरपूरहून आले होते, नातू "आबा, आबा" करत गळ्यात पडला, तरी फोटो ओळखपत्र नाही म्हणून मला त्यांना बसवून ठेवावं लागलं. पासपोर्ट चालतो. घरून निघताना खिशात टाका म्हणावं.