मदत हवी आहे : जॉर्ज इनेसचं धुकं तैलरंगात कसं आणायचं?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहतो. माँटक्लेअर आर्ट म्युझियममध्ये जॉर्ज इनेस (१८२५-१८९४) या अमेरिकन निसर्गचित्रकारासाठी वेगळं दालन आहे. १८८५ पासून तो माँटक्लेअर गावातच स्थायिक होता. त्याची उशिराची चित्रं पाहिल्यापासून डोक्यात एकच प्रश्न आहे.

ज्यांना इनेस माहीत नाही त्यांच्यासाठी: सुरुवातीला तो भरपूर तपशील रंगवायचा. १८५६ च्या सुमारास एका रेल्वे कंपनीसाठी केलेल्या 'द लॅकवाना व्हॅली'त धूर सोडणारं इंजिन, राउंडहाउस (इंजिनांची गोल शेड), पुढ्यात तोडलेल्या झाडांचे खुंट, सगळं आहे. फ्रान्समधल्या बार्बिझाँ गटाच्या निसर्गचित्रकारांचा प्रभाव १८५० च्या दशकातच पडू लागला होता, पुढे स्वीडिश गूढवादी स्वीडनबॉर्गचं तत्त्वज्ञान आलं आणि कडा विरघळू लागल्या. १८९३ चं 'द होम ऑफ द हेरॉन' (शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे) पाहा: बुंधे, ओलसर जमीन, तांबूस-करडी हवा, आणि बगळा मात्र शोधावा लागतो. टोनॅलिझम म्हणतात तो हाच. दृश्य आणि अदृश्य जगाचं नातं वगैरे समीक्षक सांगतात. खरंही असेल, पण ब्रशनं काय केलं ते त्यातून कळत नाही.

मला हे हवंय:

गडद झाडीवर फिकट, अपारदर्शक रंग कोरड्या ब्रशनं घासला (स्कम्बलिंग) की थंड, निळसर धूसरपणा येतो. उजळ भागावर पारदर्शक रंगाचा पातळ थर (ग्लेझ) दिला की ऊब येते. इथवर ठीक. पण एकाच झाडाच्या कडेवर इनेस दोन्ही करतो असं वाटतं. मग आधी काय? ग्लेझ पुरतं वाळल्यावर स्कम्बल, की ओल्यातच बोटानं पुसायचं? तो बोटं आणि ब्रशचं मागचं टोक बिनदिक्कत वापरायचा म्हणतात.

दुसरं, जवसाच्या तेलाचे असे थर चढवताना 'कमी तेलावर जास्त तेल' हा नियम कसा सांभाळता? चारेक थरांनंतर माझा हिरवा मळकट होतो. उंबर आणि सिएना या मातकट तपकिरी रंगांपुरतीच रंगपेटी ठेवून बघावी का?

टोनॅलिस्ट पद्धतीनं प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया लिहा, जमल्यास आपल्या चित्राचे टप्प्याटप्प्याचे फोटोही टाका. जलरंगातलं वेट-इन-वेट (ओल्यावर ओला रंग सोडणं) सुचवू नका, ते जमतं. घोडं तैलरंगातच अडलंय.