व्हिएतनामी पाहुण्यांची नावं नीट कशी उच्चारायची?

उद्यमबागकर: आमच्या कारखान्यात हनोईहून दोघं इंजिनिअर येताहेत. एकाचं आडनाव न्गुएन, दुसऱ्याचं नाव इंग्रजीत डी-यू-एन-जी. स्वागत माझ्याकडे आहे. बेळगावात आलेल्या माणसाला त्याचं नाव नीट ऐकू यावं, असं फार वाटतं. कुणी सांगाल काय?

खानापूरच्या बाई: पहिला आवाज आपल्याकडे आहे की! ‘अंग’ म्हणा, ‘ग’ फुटायच्या आत थांबा. उरतो तो ङ. तिथूनच सुरुवात करा: ‘ङ्वीएन’. एकाच झटक्यात, ‘न-गु-येन’ असे तुकडे नकोत. आपण ङ शब्दाच्या सुरुवातीला कधी घेत नाही, म्हणून जीभ अडते. आरशासमोर मोठ्यानं म्हणा.

निपाणीकर: डी-वर आडवी रेघ आहे का बघा. असेल तर ‘ड’जवळचा आवाज. नसेल तर हनोईत ‘जरा’तल्यासारखा ज, दक्षिणेत य. म्हणजे बहुधा ‘जूङ’, शेवटी ओठ मिटून. हनोईच्या बोलीत सूर सहा, सूर बदलला की शब्दच बदलतो. खुणांसकट नाव मागवा. आणि आडनाव आधी येतं, हाक मात्र शेवटच्या नावानं मारतात, त्यामुळे ‘मिस्टर न्गुएन’ नको.

उद्यमबागकर: मग पहिल्या पाहुण्याचं शेवटचं नावही विचारायला हवं. आजच मेल करतो, आवाज रेकॉर्ड करून पाठवा म्हणून.