मदत हवी आहे: कळतं पण वळत नाही. 'मी ढ आहे' ही समजूत थेरपीत बदलते कशी?

रानजाई:
शिक्षण मराठी माध्यमातलं, नोकरी आयटीत. मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की डोक्यात एकच: 'मी ढ आहे, तोंड उघडलं की सगळ्यांना कळेल.' सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी) चालू आहे. वहीत 'याला पुरावा काय?' याचं उत्तर व्यवस्थित लिहिता येतं, पण मीटिंगमध्ये पोटात गोळा यायचा तो येतोच. वहीतलं प्रत्यक्षात का उतरत नाही? आणि समजूत बदलतेय हे ओळखायचं कसं? जाणकारांनी कृपया सांगावं.

काजवा:
बहुतेक वेळा वहीत वरचा विचार तपासला जातो आणि खालची समजूत तशीच राहते. 'माझं वाक्य चुकेल' हा वरचा विचार. त्याच्याशी वाद घालण्याआधी विचारा: चुकलं, मग काय? 'इंग्रजी येत नाही हे कळेल.' कळलं, त्याचा अर्थ काय? 'मी इथे बसायच्या लायकीची नाही.' का नाही? 'कारण मी ढ आहे.' चार-पाच प्रश्नांत तळ लागतो. हे सेशनमध्येच करा, एकटीने नको. तिथे पोचल्यावर भरून येतं आणि समोर कुणीतरी असावं लागतं.

मधल्या थरात एक नियम सापडेल: 'बोलायचं तर बिनचूक, नाहीतर गप्प.' समजूत टिकते ती या नियमामुळे. गप्प राहिलं की ती खोटी ठरायची संधीच येत नाही.

नोंद प्रसंगानंतर तासाभरात लिहा. विचारावर किती विश्वास आहे ते ० ते १०० मध्ये मांडा, पर्यायी विचार लिहून झाला की पुन्हा मांडा. ९० चे ८५ झाले, तर पर्यायी विचार पोकळ आहे. 'मी हुशार आहे' हे मन मानणार नाही. 'माझं इंग्रजी अडखळतं, पण माझ्या मॉड्यूलबद्दलचे प्रश्न मलाच विचारतात' हे मानेल, खरं असेल तर.

निंबोणी:
काजवा यांच्याशी सहमत, पण नुसत्या वहीने पोटातला गोळा जात नाही. त्यासाठी वर्तनप्रयोग लागतो, म्हणजे भीतीचं भाकीत प्रत्यक्ष वागून तपासणं, आणि तो काटेकोर हवा.

मीटिंगआधी भाकीत लिहा, डोळ्यांनी बघता येईल असं. 'वाईट होईल' चालणार नाही. 'मी एक प्रश्न विचारला तर निदान दोघे हसतील आणि कुणी उत्तर देणार नाही', खात्री ८० टक्के. मग एकच प्रश्न विचारा. नंतर काय दिसलं तेवढंच लिहा. 'त्यांना काय वाटलं असेल' हे निरीक्षण नव्हे, तो पुन्हा अंदाजच.

हमखास फसतं ते इथे: बचावाच्या सवयी. वाक्य आधी मनात घोटणं, कॅमेरा बंद ठेवणं, भरभर बोलून मोकळं होणं, सुरुवातीलाच 'सॉरी, माय इंग्लिश...' म्हणणं. या ठेवून प्रयोग केला की श्रेय त्यांना जातं: 'घोटून आले म्हणून निभावलं.' एका वेळी एक सवय सोडा, सगळ्या एकदम नको. पहिला प्रयोग स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये), क्लायंट कॉलवर नाही. भीती ० ते १०० मध्ये ४०-५० च्या आसपास असेल असा प्रसंग निवडा. आणि एका प्रयोगावर थांबू नका. जुनी समजूत अपवाद म्हणून एखादं यश सहज पचवते.

वाटाड्या:
'ढ' या शब्दावरच काम करायला हवं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवलेली विवेकनिष्ठ पद्धत इथे उपयोगी पडते. तिचा आग्रह असा की कृतीचं मूल्यमापन करा, अख्ख्या माणसाचं नको. 'माझा उच्चार चुकला' हे तपासता येतं. 'मी ढ' हा शिक्का तपासताच येत नाही. त्यामुळे निंबोणींचे सगळे प्रयोग यशस्वी झाले तरी शिक्का फक्त पुढे ढकलला जातो.

थेरपी मराठीतूनच घ्या, निदान हा भाग तरी. शाळेत ऐकलेला 'ढ' इंग्रजीत सांगितला की त्याची धार जाते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी विचारा, त्यात संकोच कसला? सीबीटीचा साधारण अवधी १२ ते २० सेशनचा. लहानपणापासूनच्या समजुतींना जास्त लागतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटणं, झोप-भूक बिघडणं असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. पण प्रयोगात खरंच कुणी हसलं तर?

निंबोणी:
फार महत्त्वाचं विचारलंत. म्हणून भाकिताला दुसरा भाग जोडा: 'कुणी हसलं तर मी पुढे बोलू शकणार नाही, आणि आठवडाभर कामात लक्ष लागणार नाही.' हसलं, तर हा भाग तपासा. वाक्य पूर्ण झालं का? दुसऱ्या दिवशी काम किती झालं? ही पानं पुढच्या सेशनला न्या.

समजूत बदलतेय याची खूण म्हणजे भीती शून्य होणं नव्हे. पोटात गोळा असतानाही हात वर जातो, चूक झाल्यावर सावरायला दोन दिवस लागायचे तिथे दोन तास लागतात, आणि 'मी ढ आहे' वरचा विश्वास दर आठवड्याला मोजला तर महिन्याभरात हळूहळू उतरताना दिसतो. मध्ये एखाद्या आठवड्याला तो वर जाईल. त्या आठवड्यात गप्प बसायची कुठली जुनी सवय परत आली ते आधी बघा.