यॉकमॉकचा हिवाळी बाजार: आईबाबांना न्यायचंय, आणि अस्सल दुओजी (सामी हस्तकला) कशी ओळखायची?

दक्षिणवारा
मुक्काम स्टॉकहोम. फेब्रुवारीत पुण्याहून आईबाबा येतायत, दोघंही पासष्टीच्या पुढचे, आई शाकाहारी. उत्तर स्वीडनमधल्या यॉकमॉकला, सामी लोकांच्या (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) बाजाराला न्यायचा विचार आहे. विमान की रेल्वे? थंडीत वयस्कर माणसांना कितपत झेपेल? आणि एखादी गुकसी (लाकडी पेला) नि टिन-तारेचं ब्रेसलेट घ्यायचंय, तर सामी कारागिराच्या हातचं कोणतं आणि पर्यटकांसाठी पाडलेलं कोणतं, हे कसं कळतं?

ध्रुवमत्स्य
बाजार फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी सुरू होतो आणि शनिवारी संपतो. तारीख बदलते, वार नाही. १६०५ साली नवव्या कार्ल राजानं करवसुली सोपी व्हावी म्हणून भरवायला लावलेला हा बाजार.

स्टॉकहोमहून उत्तरेकडची रात्रगाडी धरा, शयनयानाचा डबा घ्या, मूरयेकला उतरा. तिथून बसनं साधारण तासाभराचा रस्ता. विमानानं लुलेओला उतरलात तर पुढे बसनं अडीच-तीन तास. आईबाबांसाठी मी रेल्वेच सुचवेन. मात्र मूरयेक अगदी छोटं स्टेशन आहे, गाडीला उशीर झाला तर बस थांबेलच असं गृहीत धरू नका. रेल्वे नि बस एकाच तिकिटावर काढा, म्हणजे जोडगाडी चुकली तरी पुढची सोय तिकीट देणाऱ्या कंपनीनं करायची.

राहायची जागा आधी, तिकीट नंतर. गाव जेमतेम तीनेक हजार वस्तीचं, हॉटेलं वर्षभर आधी भरतात. स्थानिक लोक त्या आठवड्यात घरातल्या खोल्या भाड्यानं देतात. बाजारापासून चालत दहा मिनिटांच्या आतली बघा. थंडीत अधूनमधून खोलीवर परतता येणं यावर सगळी सहल अवलंबून आहे.

लोकरीचा गुंडा
उणे २० ते उणे ३५ धरून चाला. अंगालगत लोकरीचं, सुती अजिबात नको, कारण घाम धरून ठेवतं. मध्ये जाड लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं. हातात पातळ मोजे आणि त्यावर बोटं एकत्र राहतील असे मिटन.

बहुतेकांची चूक पायात होते. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय आधी गारठतात. बूट एक माप मोठे घ्या, आत लोकरीचा तळवा घाला. गर्दीनं तुडवलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो, म्हणून बुटांना चढवायचे काटे दोघांसाठी घ्याच. पाऊण तास बाहेर, मग आत. गावातलं आयत्ते हे सामी संग्रहालय त्यासाठी उत्तम, नाहीतरी ते बघायलाच हवं.

कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी बाहेरच पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर आत पाणी धरतं. फोन आतल्या खिशात.

गाठीचं लाकूड
आधी एक लक्षात घ्या: बाजारातले सगळे गाळे सामी लोकांचे नाहीत. मोजे, गोळ्या-बिस्किटं, हत्यारं विकणारे स्वीडनभरातून येतात, आणि मुख्य रस्त्यावर तेच जास्त दिसतात. दुओजी घ्यायची तर ‘सामी दुओजी’ संस्थेचं दुकान, आयत्ते, आणि गावातल्या सामी शिक्षणकेंद्रातली विद्यार्थ्यांची प्रदर्शनं, या क्रमानं फिरा. डोळा तयार झाला की मग गाळे.

वस्तूवर ‘सामी दुओजी’ची खूणचिठ्ठी असेल तर प्रश्न मिटला. नसेल म्हणून नकली ठरत नाही. बरेच कारागीर फक्त आपलं नाव किंवा आद्याक्षरं कोरतात. गाळ्यावर सरळ विचारा: कुणी केलं, कुठल्या गावचं? विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर पुढे चला.

गुकसी बर्चच्या गाठीतून कोरतात. गाठीत रेषा भोवऱ्यासारख्या फिरतात, म्हणून पातळ कोरूनही ती टिकते. रेषा सरळ समांतर दिसल्या की ते गाठीचं लाकूड नव्हे. दोनशे क्रोनाची गुकसी यंत्रावरची समजा. वापरल्यावर कोमट पाण्यानं विसळायची, साबण नाही, आणि सावलीत वाळवायची. रेडिएटरवर ठेवली की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो, आणि तडा जातो. पुण्याच्या उन्हाळ्यात अधूनमधून आतून-बाहेरून खाण्याच्या तेलाचा हलका हात फिरवा.

ब्रेसलेट रेनडियरच्या कातड्यावर टिनची तार शिवून करतात, बटण शिंगाचं. फास नि बटण पक्के असतात, मापात फेरफार होत नाही, त्यामुळे मनगटाला घालून बघूनच घ्या. तार दुमडली की तुटते, म्हणून सपाट ठेवा आणि पाण्यात घालू नका. उलट बाजूही बघा. टाके अगदी एकसारखे आणि पाठीला फक्त डिंक, असं दिसलं तर सोडून द्या.

हळदकुंकू
खाण्याचं: सोवास म्हणजे धुरावलेलं रेनडियरचं मांस, आईसाठी नाही. गाहक्कू ही भाकरीसारखी पोळी बहुतेक वेळा चालेल, पण आत काय भरतात ते विचारा. लांगोश (तळलेली पोळी) गाळ्यांवर मिळतं, कोळंबी नको म्हणून सांगा. कॉफीत घालायच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, कडक शाकाहारी असतील तर टाळा.

गाक्ती (सामींचा पारंपरिक पोशाख) घातलेल्या माणसांचा जवळून फोटो काढायचा तर आधी विचारा. आणि बाबांना आधीच बजावून ठेवा, ‘तुमच्याकडे रेनडियर किती?’ हा प्रश्न नको. तो तिथे बँकेत शिल्लक किती विचारण्यासारखा आहे, आणि आपली मंडळी तो हमखास विचारतात.

दक्षिणवारा
आभार सगळ्यांचे! बाबांना आता शिंगाच्या मुठीची सुरीही हवी आहे. नेता येईल ना?

गाठीचं लाकूड
येईल, विमानात चेक-इन सामानातूनच. स्वीडनमध्ये कारणाशिवाय सुरी जवळ बाळगायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा कमरेला लावून बाजारभर फिरू देऊ नका. विकत घेतल्यावर कागदात गुंडाळून बॅगेच्या तळाशी, पावती सोबत. वाळवलेलं मांस मात्र भारतात नेऊ नका, त्याला आयात परवाना लागतो.