लिंफोमाला मराठीत काय म्हणावं?

नौपाडेकर: माझी आत्या ६८ वर्षांची, ठाण्यातच राहते. तिला वीस वर्षं हाशिमोटो (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे थायरॉईडला येणारी सूज) आहे, म्हणजे तिच्या भाषेत ‘थायरॉईड’. गेल्या महिन्यात एका लग्नासाठी ठुशी घालायला गेली तर दोरा पुरेना, आवाजही घोगरा. सुईच्या तपासणीत नुसती सूज निघाली; तुकडा काढल्यावर कळलं, थायरॉईडचा लिंफोमा. मी शब्दकोश बघून ‘लसीकार्बुद’ म्हटलं, तर म्हणते, ‘लसीमुळे? माझे तर तीनही डोस झालेत!’

जुनीपोथी: आत्याबाई अगदीच चुकल्या नाहीत हो. जखमेतून झिरपतो तो चिकट द्राव म्हणजे लस. देवी टोचायला फोडातला तसाच द्राव वापरायचे, म्हणून टोचायच्या औषधालाही लस म्हणू लागले. लसीका, म्हणजे लिंफ, त्याच घरातली. अर्बुद, म्हणजे गाठ, हाही जुना शब्द. सुश्रुताने ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड (गळ्याची सूज) एकाच अध्यायात घेतलेत.

घोडबंदर: मग थायरॉईडला ‘अवटू’ कसं चालतं? अमरकोशात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू. ग्रंथी पुढे, नाव मागे!

पॅथॉलॉजीवाली: त्यापेक्षा मोठा घोळ शेवटच्या ‘ओमा’चा. लायपोमा म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ, पण लिंफोमा हा कॅन्सरच. त्यातून हाशिमोटोंनी १९१२ साली, आज त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराला नाव दिलं ‘स्ट्रुमा लिंफोमाटोसा’. जुनी पुस्तकं वाचून घाबरू नका, तिथे कॅन्सर अभिप्रेत नव्हता. निरोगी थायरॉईडमध्ये लसीका-ऊती (या पांढऱ्या पेशींचा थर) नसतेच. प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उठली की पांढऱ्या पेशी तिथे बिऱ्हाड थाटतात. क्वचित त्यांतलीच एखादी बेबंद होते. हाशिमोटो असलेल्या बहुतेकांना हे कधीच होत नाही. पण जुना गलगंड काही आठवड्यांत वाढू लागला तर थांबायचं नाही.

नौपाडेकर: म्हणजे ‘थायरॉईडचा कॅन्सर’ म्हटलं तर चालेल?

पॅथॉलॉजीवाली: नको. मग शेजारीपाजारी ‘गाठ काढून टाका’ म्हणत बसतील. इथे शस्त्रक्रिया बहुधा तुकडा घेण्यापुरतीच. मुख्य भिस्त केमो आणि रेडिएशनवर. ‘पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, थायरॉईडमध्ये सुरू झालेला’ असं सांगा. लांब आहे, पण लसीचं नाव निघत नाही.

जुनीपोथी: आणि लिहाल तेव्हा लसीका, ‘सी’ दीर्घ. ‘लसिका’ बघितलं की डोळ्यांत खुपतं.